रात्रीचं तेल

नगरच्या चितळे रोडवर मेथीच्या जुडीचा भाव करत सुमंत उभा होता, तेवढ्यात समोरून चांगुणा आली. डोक्यावर पत्र्याचा चौकोनी डबा, डब्याच्या तोंडावर ओलसर फडकं. तिनं त्याला पाहिलं आणि एका हातानं ते फडकं पुढं ओढलं, दुसऱ्या हातानं पदर. मग रामराम नाही, साहेब नाही, सरळ शेजारच्या बोळात वळली. झालं ते एवढंच. बाई बाजारात डबा घेऊन दिसते यात जगावेगळं काय आहे? पण ज्याच्या पिपातलं तेल रोज कमी भरतंय त्या माणसाला डबा हा नुसता डबा दिसत नाही. ताकाला जाऊन भांडं कोण लपवतं, तर ज्याच्या भांड्यात ताक नसतं तो. मेथीवाली म्हणत होती, घ्या की साहेब, पाणी कुठंय मेथीला, भाव कसला करता. सुमंतनं जुडी परत ठेवून दिली. त्याच्या छातीत काहीतरी धपकन खाली बसलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या बसण्यात थोडं समाधानही होतं.

ही चांगुणा म्हणजे पुंजारामची बायको, आणि पुंजाराम म्हणजे माळावर रात्रीची भट्टी राखणारा माणूस. भिंगारच्या पुढं जामखेडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला तो उघडा माळ होता. पुण्याच्या एका संस्थेनं तिथं आरसे मांडले होते; पन्हाळीसारखे वाकवलेले, लांबच लांब, आकाशाकडे तोंड वासून बसलेले. त्यांच्यापुढून नळी जायची आणि नळीतून सोऱ्याचं, म्हणजे मिठासारख्या एका क्षाराचं, वितळलेलं मिश्रण वाहायचं. ऊन त्या नळीवर गोळा व्हायचं, मिश्रण तापायचं, त्याच्यावर वाफ करायची आणि वाफेवर इंजिन फिरवायचं. बाहत्तर सालचा दुष्काळ लागलेला, आभाळात औषधाला ढग नाही, त्यामुळे सगळ्या नगर जिल्ह्यात कुणाची चांदी झाली असेल तर ती या आरशांची. पण सोऱ्याचा स्वभाव मोठा तऱ्हेवाईक. तापला तर पाण्यासारखा पळतो, निवला की दगड. एकदा नळीत बसला तर नळ्या कापून काढाव्या लागतात, म्हणजे वर्षाची मेहनत मातीत. म्हणून सूर्य मावळला की भट्टी पेटवायची आणि क्रूड तेल जाळून ते मिश्रण सकाळपर्यंत ऊबदार ठेवायचं, फिरवत राहायचं. तापल्या दिवसानं कमवायचं आणि थंड रात्रीनं खायचं. रात्र किती खाते, हाच सुमंतचा विषय होता. नळीची लांबी, तिच्यावरच्या वेष्टणाची जाडी, पहाटेची थंडी, वारा, सगळं मांडून त्यानं एक गणित बसवलं होतं. ते गणित खरं ठरलं तर हेमचंद्र साहेब, म्हणजे त्याचे पुण्यातले वरिष्ठ, दिल्लीकडे मोठ्या केंद्राची मागणी करणार होते आणि सुमंतचं नाव त्याच्यावर लागणार होतं. आणि संक्रांतीपासून भट्टी त्या गणिताच्या जवळजवळ दुप्पट तेल पीत होती. आता यातून अर्थ दोनच निघत होते. एक तर गणित चुकलं, नाही तर कुणीतरी तेल पळवतंय. पहिला अर्थ सुमंतच्या मनात यायचा, पण दारातूनच परत जायचा.

संशयाचंही घराणं असतं. सुमंतचे वडील संगमनेरला शाळामास्तर. सज्जन माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण स्वयंपाकघरातल्या गोडेतेलाच्या बाटलीवर ते कागदाची पट्टी चिकटवायचे आणि तिच्यावर रोज शिसपेन्सिलीनं बारीक खूण करायचे. कुणावर आळ नाही, आरडाओरड नाही, नुसती खूण. सुमंतला आठवायचं ते आईचं हाक मारणं. फोडणीची कढई चुलीवर ठेवली की ती बाहेरच्या खोलीकडे तोंड करून म्हणायची, अहो, जरा येता का, तेल काढायचंय. वडील चष्मा वर सारून यायचे, ती बाटली तिरकी करायची, ते पाहायचे, परत जायचे. लहानपणी त्याला वाटायचं, नवराबायकोनं असंच असायचं असतं, तेलसुद्धा एकमेकांना विचारून काढायचं. फार पुढं, आई गेल्यावर, तिचा तो आवाज त्याला एकदम निराळा ऐकू आला होता. त्या आवाजात काही नव्हतं. राग नव्हता, लाज नव्हती. काही नसण्याचीच त्याला भीती वाटली होती. पण भीती वाटली म्हणून सवय सुटत नाही. क्रूड तेलाच्या पिपाला बाहेरून काचेची नळी होती, आत तेल किती ते दाखवणारी. तिच्यामागं, पिपाच्या भिंतीकडच्या अंगाला, सुमंत रोज संध्याकाळी खडूनं एक रेघ ओढायचा आणि सकाळी आल्याआल्या आधी ती बघायचा. रेघ आणि तेल यांच्यात रात्रभरात पडलेलं अंतर म्हणजे पुंजाराम.

पाण्याच्या बाबतीत त्याचा संशय खरा ठरला होता, हे इथं सांगायला हवं, कारण त्याला त्याचा अभिमान होता. आरशांवर धूळ बसते. धूळ बसली की ऊन वाया. म्हणून चांगुणा आणि लंकाबाई या दोघी आरसे धुवायला ठेवलेल्या, आणि केंद्राच्या विहिरीला तळाशी का होईना पाणी होतं. सुरुवातीला त्या सकाळी धुवायच्या. आरशाच्या खालच्या काठाला पत्र्याचे डबे ओळीनं लावायच्या, वरून पाणी सोडायच्या, आणि डब्यात साठलेलं गढूळ पाणी घरी न्यायच्या. शेळीला होतं, भांड्याला होतं, निवळलं तर माणसालाही होतं. सुमंतनं काही दिवस पाहिलं. मग त्याला वाटायला लागलं की आरशावर नावाला शिंतोडे उडतात आणि पाणी खरं तर डब्यात जाण्यासाठीच विहिरीतून निघतं. त्यानं हुकूम काढला. डबे बंद. धुणं संध्याकाळी, मी घरी जायच्या आधी, माझ्यासमोर, आणि घागर न् घागर आरशावरच ओतायची. लंकाबाई पुटपुटली होती, दुस्काळात पानी मातीत घालायचं व्हय. चांगुणानं डबे एकात एक घातले होते आणि शेडमागं नेऊन ठेवले होते. तेव्हापासून रोज संध्याकाळी सुमंत छातीवर हात बांधून उभा राहायचा आणि त्या दोघींचे हात बघायचा. घागर पूर्ण उलटी होते की नाही, पदराखाली काही जातं की नाही. पाण्याचा बंदोबस्त झाला म्हणून तो जरा निःश्वास टाकतोय तोवर तेल कमी पडायला लागलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, सुमंत आता कोरडी भाकरीसुद्धा फुंकून खात होता.

पुंजारामला तो आधी अरेतुरे करायचा. वयानं वडीलधारा, पण त्या अरेतुरेत एक मोकळेपणा होता. तंबाखूची चिमूट मागायचा, त्याच्या गावच्या, कर्जतकडच्या, गोष्टी ऐकायचा. तेल कमी भरू लागलं तशी भाषा सुधारली. पुंजाराम, तुम्ही किती वाजता भट्टी वाढवली? पुंजाराम, तुम्ही झोपला तर नव्हता? पुंजारामला ते आदरार्थी बोलणं बोचत असावं, तो खाली बघून उत्तरं द्यायचा. एकदा आपणहून म्हणाला होता, रातच्याला यंत्राला धुकं धरतं साहेब, पार पहाटंपोतूर. सुमंतनं मनात म्हटलं होतं, दुष्काळात धुकं! पेंगत असेल गडी. रात्र सुमंतनं कधी पाहिलीच नव्हती. रात्रीचं सगळं त्याला कागदावर पाठ होतं, पण दिवेलागणीला त्याची स्कूटर नगरच्या वाटेला लागायची आणि दिवस वर आल्यावर परतायची. त्या वेळी आरसे चकचकीत, नळ्या कोरड्या, सगळं जागच्या जागी. जागच्या जागी नसायचं ते फक्त तेल.

चितळे रोडवरच्या त्या डब्यानंतर त्यानं वेळ लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, लंकाबाई होती, फिटर होता, विहिरीवरचा माणूस होता, त्या सगळ्यांसमोर त्यानं पुंजारामला विचारलं की तेल कुठं जातं. पुंजाराम म्हणाला, भट्टीत. सुमंतनं डब्याचं नाव काढलं. चांगुणा तिथंच होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि नवऱ्याकडे पाहिलं, आणि सुमंतला वाटलं, खाई त्याला खवखवे. पुंजारामनं एकदा बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, म्या त्याल भट्टीत घातलं. भट्टीनं कुटं घातलं ते मला ठावं न्हाई."

हे उत्तर सुमंतला उद्धट वाटलं. चोर शब्द त्यानं उच्चारला, एकदाच, आणि तो उच्चारताना आपला आवाज वडिलांसारखा येतोय असं त्याला वाटून गेलं. पण वडिलांनी हा शब्द जन्मात कधी वापरला नव्हता. दोघं नवराबायको त्याच दिवशी गेली. चांगुणा जाताना शेडमागचे ते डबेही मागायला थांबली नाही.

त्यांच्या जागी भट्टीवर श्रीरामपूरकडचा एक मॅट्रिक झालेला तरुण आला, सुमंतनं स्वतः पारखून घेतलेला. पहिल्या सकाळी सुमंत स्कूटर नीट उभीसुद्धा न करता पिपामागं गेला. तेल तेवढंच कमी. दुसऱ्या सकाळी तेवढंच. तिसऱ्या सकाळी थंडी जास्त होती, तेल आणखी कमी. आता हाही? कुंपणच शेत खातं म्हणावं, तर हे कुंपण त्यानं स्वतः लावलं होतं. मग त्याला वाटलं, तेल पुरवणारा मापात मारत असेल. मग वाटलं, फिटर सामील असेल. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो माणसं ओळीनं उभी करायचा आणि ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. आणि मग एके दिवशी त्याला घरातल्या पाण्याचा हंडा दिसला. नगरात नळ एक दिवसाआड यायचा. घरात माणसं दोनच, तो आणि नीलांबरी, हंडा सहज पुरायला हवा. पण तो घरी यायचा तेव्हा हंडा निम्म्याच्या खाली असायचा. त्यानं सहज विचारावं तसं विचारलं. नीलांबरी म्हणाली, दुष्काळ आहे. एवढंच म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. तिच्या पाठीकडे बघताना त्याला जाणवलं की आपण हंड्याच्या कडेवर नजरेनंच एक रेघ ओढली आहे. तो हात धुवायला उठून गेला, आणि हात धुतानासुद्धा त्याच्या मनानं पाणी मोजलंच.

हेमचंद्र साहेब पाहणीला यायचे होते, त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. चांगुणा गेल्यापासून लंकाबाई एकटीच धूत होती आणि ती पाठीनं अधू, त्यामुळे काम संथ चाललं होतं. सुमंत नेहमीसारखा उभा. पण नजर ठेवायला आज हात दोनच होते, तेही म्हातारे आणि थरथरते. त्या हातांवर संशय घ्यायचाही त्याला कंटाळा आला. नजर मोकळी पडली आणि पाण्यामागं गेली. लंकाबाईनं घागर उलटी केली. पाणी आरशावरून खाली घसरलं, खालच्या काठाशी आलं, थबकलं, आणि तिथून, जिथं पूर्वी डबे असायचे तिथून, धार लागून आरशाखालून भट्टीकडे जाणाऱ्या मुख्य नळीवर पडलं. नळीला ॲस्बेस्टॉसच्या दोऱ्याचं आणि वरून पोत्याचं जाड वेष्टण होतं, ऊब राखायला केलेलं. वेष्टणानं ते पाणी गटकन पिऊन टाकलं. जमिनीवर थेंब आला नाही. आणि थोड्या वेळानं पोत्याच्या विणीतून बारीक वाफ निघाली, संध्याकाळच्या उजेडात दिसेल न दिसेल अशी.

धुकं. त्यानं पुढं होऊन वेष्टणात बोटं खुपसली. वरून गार, आत चटका. ओलं, चिंब ओलं. एवढं पाणी आटवायला किती तेल जळेल, याचं गणित त्याच्या डोक्यात आपोआप सुटायला लागलं आणि त्याला ते थांबवता येईना. ते सुटत सुटत बरोबर त्या अंतरापाशी येऊन थांबलं, जे रोज सकाळी रेघ आणि तेल यांच्यात पडत होतं. रात्रभर भट्टी मिश्रण राखत नव्हती, त्यानं ओतवलेलं पाणी उकळत होती. सकाळपर्यंत वेष्टण वरून कोरडं, आणि तो येऊन रेघ बघणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा! डबे असते तर थेंबही पडला नसता. सकाळी धुतलं असतं तर उन्हानं वाळलं असतं. लंकाबाईनं विचारलं, साहेब, पुढची घागर वतू का. तो म्हणाला, नको. त्याचा आवाज इतका बदलला होता की ती घागर खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

आता माणसाचं मन बघा. घरी जाताना स्कूटरवर सुमंतला रडू फुटायला हवं होतं. आणि थोडं फुटलंही. पण त्या रडण्याखाली एक हिशेबी आवाज शाबूत होता. तेल पाण्यानं खाल्लं, कबूल. पण मग तो डबा? डब्यात काहीतरी होतंच ना? ती लपवत तर होतीच ना? या डब्याला तो बुडत्यासारखा धरून राहिला. डब्यात तेल असेल, निदान थोडंसं, तर तो पूर्णपणे चुकला नव्हता. घरी आल्यावर त्यानं नीलांबरीला सगळं सांगितलं, नळी, वेष्टण, वाफ. ती ऐकत राहिली. आणि शेवटी तो म्हणाला की तरी पण डबा होताच.

नीलांबरी म्हणाली, "डब्यात पाणी होतं. आपल्या हंड्यातलं. तुम्ही तिचं पाणी बंद केलंत, म्हणून मी मागच्या दारानं देत आलेय, अजूनही."

"मला सांगितलं का नाहीस?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही मोजलं असतंत," ती म्हणाली, आणि ताट वाढायला उठली. तिच्या आवाजात काही नव्हतं. हा आवाज त्यानं पूर्वी ऐकला होता, आणि कुठं ऐकला होता ते आठवलं तशी त्याला जेवणावरची वासनाच राहिली नाही.

हेमचंद्र साहेब दुसऱ्या दिवशी आले, सगळं ऐकलं आणि खूष झाले. म्हणाले, म्हणजे तुमचं गणित बरोबर आहे, वेष्टणावर पत्रा चढवा, धुणं सकाळी करा, झालं. गणित वाचलं म्हणून सुमंतला आनंद व्हायला हवा होता. त्यानं पुंजारामचं सांगितलं तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिलं. ते काय, माणसं मिळतात, ते म्हणाले.

पुंजाराम आणि चांगुणा रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. सुमंत तिथं पोचला तेव्हा ऊन चढलं होतं आणि ओळीनं बसलेली माणसं हातोड्या मारत होती. त्यानं पुंजारामपुढं उकिडवं बसून सांगितलं की चूक माझी होती, तेल पाण्यानं खाल्लं, माझ्याच पाण्यानं. चांगुणाची हातोडी थांबली नाही. पुंजारामनं हातातला दगड फोडला, बाजूला सारला.

"मंग आमी चोर न्हाई म्हना," तो म्हणाला.

"नाही."

"असं न्हाई. उभं ऱ्हाऊन म्हना. त्या दिसी बी लोकांम्होरंच म्हनला हुता."

सुमंत उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला. काही माणसांनी माना वर केल्या, कुणी हा, कशाचं काय, त्यांना काही कळलं नाही, आणि हातोड्या पुन्हा चालू झाल्या. उद्यापासून या, असं तो म्हणाला तेव्हा पुंजाराम म्हणाला की येतो, पोटाला पाहिजेच हाय. चांगुणानं विचारलं ते एवढंच, डबे लावू द्याल का. सुमंतनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरसे धुतले गेले, काठाला डबे लागले, गढूळ पाणी चांगुणाच्या आणि लंकाबाईच्या घरी गेलं. श्रीरामपूरच्या तरुणाला दिवसाच्या कामावर घेतलं, आणि ओलं वेष्टण सोडून नवं कोरडं बसवलं. दुपारी कुणी नसताना सुमंत फडकं घेऊन पिपामागं गेला, रेघ पुसायला. तिथं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळं पीप पुसूनपुसून अजून लख्ख आहे, तेलाचा ओघळ कुठं नाही. फक्त त्या खडूच्या रेघेभोवतीची वीतभर जागा काळी, धुळकट, कुणी हातसुद्धा न लावलेली. म्हणजे पुंजारामला रेघ पहिल्यापासून ठाऊक होती. काम सुटेपर्यंत पीप पुसताना तो रोज तेवढी जागा सोडत आला होता, साहेबांची खूण मोडू नये म्हणून. सुमंतनं ती जागा घासून घासून पुसली. बोटं काळी झाली, रेघ गेली, आणि त्याला जरा हलकं वाटलं.

संध्याकाळी त्यानं मुद्दाम पिपाकडे न बघता कागद आवरले. पुंजाराम आला होता, भट्टीची तयारी करत होता. सुमंतनं त्याला हाक मारून म्हटलं, येतो रे पुंजाराम, आणि तो जुना रे तोंडातून निघाल्याचं त्याचं त्यालाच बरं वाटलं. त्यानं स्कूटरला किक मारली. तेवढ्यात शेडमधून पुंजाराम दारात आला. हातात तेल काढायचं माप होतं, दुसऱ्या हातात कुठून तरी पैदा केलेला खडूचा तुकडा.

"साहेब," तो म्हणाला, "जरा येता का? त्याल काढायचंय."

त्या आवाजात काही नव्हतं. सुमंतनं स्कूटर बंद केली. नको, तू काढ, मला बघायचं नाही, असं त्याला म्हणायचं होतं आणि ते शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण तो उतरला, शेडमध्ये गेला, आणि पुंजारामनं माप पिपाखाली धरण्याआधीच त्याची नजर काचेच्या नळीकडे जाऊन पोचली होती.